एका ताटात तीन वर्षांचा डोंगर

काठवटीत पीठ घेतलं की आजी आधी त्यात आळं करतात. चुलीवरच्या तपेलीतलं उकळतं पाणी त्या आळ्यात ओततात आणि उलथन्याने पीठ भराभर हलवतात. वाफ जरा निवली की तळहाताच्या टाचेने मळायला घेतात. गव्हाच्या कणकेला चिकाचा आधार असतो, ती ताणली तरी धरून राहते. नागलीला तो आधार नाही. तिला धरून ठेवतं ते उकळतं पाणी आणि बाईचा हात. पाणी कोमट पडलं तर भाकरी थापतानाच कडेने भेगाळते आणि गोळा पुन्हा मोडून घ्यावा लागतो. म्हणून आजी पाण्याला आधण येईपर्यंत पिठाला हात लावत नाहीत, कितीही घाई असो.

भाकरी खापरीवर पडली की वरून पाण्याचा हात फिरतो. ते पाणी सुकत आलं की उलटायची. दुसरं अंग भाजलं की खापरी उतरवून भाकरी आराला उभी लावायची. बघता बघता ती फुगते, पोपडा सुटतो, आणि तापल्या दगडावर पहिला पाऊस पडल्यावर येतो तसा काहीसा वास घरभर होतो. रंग तांबूस काळा. शहरात या रंगाला नाक मुरडणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. आता तीच माणसं नाचणीची बिस्किटं शोधत दुकानं हिंडतात. इथे मात्र तिला नाचणी कुणी म्हणत नाही. इथे ती नागली.

भाद्रपदातला दिवस होता. बाहेर पाऊस उघडीप देत होता आणि पुन्हा भरून येत होता. आजींनी ताट पुढे केलं : नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, भारंगीच्या फुलांची भाजी आणि वाटीत मऊ भगर. मी भगरीकडे पाहिलं तशा त्या म्हणाल्या, ''ही वरई समोरच्या टेपाची. मागल्या साली हुती तिथं.'' दाराबाहेर हात करून त्यांनी डोंगराचा उतार दाखवला. वरच्या तुकड्यात नागलीची कणसं मुठी वळत होती. मधला तुकडा पोपटी, बारीक पानांच्या वरईचा. त्याच्याही पलीकडे खुरासणीला नुकती पिवळी फुलं लागली होती. ''भाकर तिथली, भगर हितली, तेल-चटणी पल्याडची. पुढल्या साली समदं एक घर सरकणार.''

सह्याद्रीच्या या भागातलं जेवण मला त्या वाक्यापासून कळायला लागलं. पाककृती मी आधीही लिहून घेतल्या होत्या, त्या सगळ्या अपुऱ्या होत्या.

*

आजींची वाडी अकोले तालुक्यातली, आणि हा तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात येतो. या जिल्ह्याचं नाव काढलं की ऊस, कांदा, ज्वारी आणि टँकर डोळ्यांपुढे येतात. पण जिल्ह्याचा पश्चिमेचा कोपरा वेगळाच मुलूख आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, इथलं. रतनगड इथला, हरिश्चंद्रगड इथला, आणि रतनगडावर उगम पावणारी प्रवरा इथली. घाटमाथ्यावरच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. तोच ढग पूर्वेकडे सरकत अकोले गावापर्यंत पोचतो तेव्हा त्याच्यातलं फारच थोडं पाणी उरलेलं असतं. या पावसाच्या पट्ट्याला डांगाण म्हणतात. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि त्याचं पाणी खालच्या उसाला गेलं. वरच्या वाड्या तेव्हाही पावसावर आणि उतारावर जगत होत्या, आजही बव्हंशी तशाच जगतात.

सपाट जमीन इथे थोडी, खाचरापुरती. त्यात भात होतो. बाकी सगळा उतार. एवढा पाऊस अशा उतारावर पडला की माती धुपून जाते, खत टिकत नाही, दरवर्षी तेच पीक घेतलं तर जमीन खरडून जाते. यावर इथल्या माणसांनी फेरपालट बसवली. नव्याने साफ केलेल्या, ताकद असलेल्या तुकड्यावर पहिल्या वर्षी नागली. दुसऱ्या वर्षी तिथेच वरई, कारण तिला नागलीइतकं खाद्य लागत नाही. तिसऱ्या वर्षी जमीन थकलेली असते, तेव्हा खुरासणी. हिला कारळेही म्हणतात. ती दमल्या मातीतही उगवते, गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि बियांत तेल भरते. त्यानंतर तो तुकडा पडीक टाकायचा. त्यावर गवत, झुडपं माजतात, गुरं चरतात, आणि काही वर्षांनी फिरून नागलीची पाळी.

कुटुंबाकडे असे तीन-चार तुकडे वेगवेगळ्या टप्प्यांवर असतील तर दर साली भाकरी, भगर आणि तेल तिन्ही घरात येतं. म्हणजे आजींनी वाढलेलं ताट हे एका हंगामाचं नव्हतं. डोंगराचं तीन वर्षांचं चक्र त्यात एकाच वेळी होतं. आपण ज्याला ''साधं जेवण'' म्हणतो त्यातला एकेक पदार्थ दुसऱ्याच्या जागेवर उभा आहे. यातलं एक पीक सुटलं की बाकीच्या दोघांचं गणित बिघडतं. खुरासणी पेरणं बंद झालं तर चटणी गेली एवढ्यावर भागत नाही, थकलेल्या जमिनीवर काय घ्यायचं हा प्रश्न उभा राहतो.

आणि यातली दोन पिकं मुळात इथली नाहीत, हे मला नेहमी विलक्षण वाटत आलं आहे. नागली माणसाने पहिल्यांदा लागवडीखाली आणली ती पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागात, हजारो वर्षांपूर्वी. खुरासणीचं माहेर इथिओपिया. नावात खुरासान असलं तरी वनस्पतिशास्त्राने तिच्या नावापुढे अ‍ॅबिसिनियाच लावून ठेवलं आहे, आणि तिथे आजही तिचं तेल रोजच्या स्वयंपाकात असतं. इथिओपियाचं पठारही सह्याद्रीसारखंच लाव्हाच्या थरांचं. समुद्र ओलांडून आलेलं बी इथल्या काळ्या पाषाणाच्या उतारावर रुजलं ते असं ओळखीची जमीन भेटल्यासारखं. वरई मात्र भारताचीच. आफ्रिकेतून आलेल्या दोघींच्या मध्ये तिला बसवून कुणा अनाम शेतकऱ्यांनी हा क्रम लावला. तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या चुकला नाही.

*

नागलीचं काम मे महिन्यातच सुरू होतं, खरं तर त्याच्याही आधी. रोपासाठी जो वाफा करायचा तिथे आधी शेणाचा थर, त्यावर झाडांच्या लहान फांद्या आणि पाला, त्यावर गवत, आणि वरून बारीक माती. मग वारा बघून तो कडेने पेटवतात. आग भडकू द्यायची नसते, धुमसत जाऊ द्यायची. याला राब भाजणं म्हणतात. तणाचं बी जळतं, राखेतून खत मिळतं, आणि मृगाच्या पावसात टाकलेलं बी तणाच्या आधी डोकं काढतं. जिथे पहिले पंधरा दिवस आभाळ फाटल्यासारखं पडतं आणि निंदायला उसंत मिळत नाही तिथे ही आघाडी फार मोलाची असते.

राबाला शेण लागतं, शेणाला गाय लागते, आणि इथली गाय म्हणजे डांगी. पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके, आणि कातडी तेलकट, त्यामुळे अंगावरून पाणी निथळून जातं. या पावसात दुसरी गुरं आजारी पडतात, डांगी टिकते. दूध ती फार देत नाही. पण तिला पडीक डोंगरावर चरता येतं, चिखलात औत ओढता येतं. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचा बाजार आणि प्रदर्शन भरतं, आणि त्याच राजूरचे पेढे तालुक्याबाहेरही नावाजलेले आहेत. पेढा खाताना कुणाला पडीक डोंगराची आठवण होत नसेल. पण तो पेढा, ते शेण, तो राब आणि ती भाकरी हे एकाच दोरीला बांधलेलं आहे.

दिवाळीच्या सुमाराला कणसं पिकू लागतात, तीही सगळी एकदम नाहीत. जी पिकली ती विळ्याने एकेक खुडायची, बाकीच्यांसाठी पुन्हा फेरी मारायची. खळं शेणाने सारवून त्यावर मळणी. एवढं झालं की नागली कणगीत पडते आणि मग वर्षानुवर्षं राहते. तिला किडा सहसा लागत नाही. दुष्काळाच्या वर्षी याच कणग्यांनी माणसं जगवली. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. आहारतज्ज्ञ आज हे आकडे सांगतात. बाळंतिणीला नागलीची पेज आणि उन्हाळ्यात रात्रभर आंबवलेली आंबील देणाऱ्या बायकांकडे आकडे नव्हते, अनुभव होता.

वरईची कथा मात्र कष्टाची आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. वरईच्या दाण्यावर टणक साल असते. उखळात घालून मुसळाने कांडायची, पाखडायची, पुन्हा कांडायची. जोर जास्त झाला तर दाण्याची कणी होते, कमी झाला तर साल तशीच राहते. दोन बायका समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालायच्या. आजींच्या उजव्या तळव्याला आजही घट्टा आहे. त्या तो दाखवतात तेव्हा त्यात तक्रार नसते आणि अभिमानही नसतो, ती त्यांच्या हाताची एक खूण आहे, बस्स. मला विचाराल तर वरईची पेरणी कमी होण्याचं खरं कारण चव नव्हे, तो घट्टा आहे. सुनेने तो हात स्वतःला करून घेऊ नये असं कुठल्याही सासूला वाटणारच. काही गावांत आता साल काढायची लहान यंत्रं आली आहेत, तिथे वरई पुन्हा ताटात दिसते. परंपरा टिकवायच्या गप्पा करताना या यंत्राचा विषय आधी निघायला हवा.

आषाढी एकादशीला पुण्या-मुंबईत, नागपुरात, आणि परदेशातल्या मराठी घरांतही जी भगर शिजते ती याच दाण्याची किंवा त्याच्या सख्ख्या भावंडांची. नाशिक हे भगरीच्या गिरण्यांचं मोठं केंद्र आहे. शहरातली भगर पांढरीशुभ्र, कारण गिरणीत कोंड्याचा शेवटचा थरही निघून गेलेला असतो. आजींच्या वाटीतली भगर राखाडी होती आणि तिला एक हलका, सालीचा असा स्वाद होता. इथे ती उपासाची नव्हे. सकाळी कामाला जाताना पोटभर खायची ती भगर. ज्या धान्यावर आपण उपास करतो त्यावर कुणीतरी दिवसभर नांगर धरतं, हे मी त्या घरात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

खुरासणीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण या मुलखाची चव तिच्यात आहे. काळं, चकचकीत, बारीक बी. खापरीवर टाकलं की तडतडतं आणि उड्या मारतं, म्हणून वर झाकण धरावं लागतं. भाजल्याचा वास तिळाहून उग्र, थोडा कडसर. मग उखळात लसूण, सुकी लाल मिरची आणि मीठ घालून कुटायचं. कुटता कुटता तेल सुटतं आणि चटणी काळी, ओलसर, मुसळाला चिकटणारी होते. भाकरीवर चिमूटभर पुरते. जेवणात दुसरं तेल नसलं तरी चालतं, कारण ते चटणीतच असतं. पूर्वी घाण्यावर गाळलेलं खुरासणीचं तेल हेच घरातलं तेल होतं. आता बहुतेक घरांत पिशवीतलं तेल येतं. खुरासणीला किमान आधारभूत किंमत आहे, सरकारच्या यादीत तिचं नाव आहे, पण उतारावरच्या दोन पायल्यांसाठी तो भाव मिळवायला कुणी किती लांब जायचं?

*

पावसाळ्याचे चार महिने या स्वयंपाकघराचे खरे वैभवाचे, आणि जुन्या माणसांच्या सांगण्यात सगळ्यात उपासमारीचेही. मागचं धान्य संपत आलेलं, नवं शेतात उभं. त्या खिंडीत रान धावून येतं.

जूनच्या पहिल्या सरींबरोबर भारंगीला कोवळी पानं फुटतात. ती कडू असतात. उकडून, पिळून कडवट पाणी टाकायचं आणि मग लसणीची फोडणी, भिजवलेले वाल. ऑगस्टनंतर तिची फुलं येतात आणि त्यांची भाजी पानांपेक्षा मऊ लागते. त्याच सुमारास चाईचा वेल झाडांवर चढतो, त्याचा मोहोर बोटांनी ओरबाडून घेतात. फोडशी गवतासारखी दिसते, अजाण माणूस तिच्यावरून चालत जाईल. पानाचा पांढरा देठ बघून ती ओळखायची. रानात टाकळा, शेतात तण म्हणून माजणारा कुर्डू, बांधाच्या वेलीवर काटेरी हिरवी कर्टुली. आणि रुखाळू, म्हणजे झाडाच्या बेचक्यात वाढणारं अळू. पावसात भिजलेल्या खोडावर चढून ते काढायचं, म्हणून घरात त्याच्या वड्या झाल्या की कुणीतरी पोर झाडावर गेलं होतं हे कळतं. घाटाखाली उतरलं की शेवळं. ती नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून काकडाची आंबट फळं बरोबर घालतात. खाजरेपण कुठल्या आंबटाने मरतं हे ज्या बाईने पहिल्यांदा ओळखलं तिचं नाव आपल्याला माहीत नाही, पण ती या मुलखातली मोठी शोधकर्ती म्हणायला हरकत नाही.

आजींच्या सुनेबरोबर मी एकदा भाजीला गेले. वहिनींच्या कमरेला विळा होता, पण तो फारसा चालला नाही. त्या अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत शेंडा धरत, टचकन मोडत आणि पुढे जात. एका वेलीची थोडीच पानं घ्यायची, कंदाला धक्का लावायचा नाही, पहिली फुलं झाडावर ठेवायची. ''खुडायचं, उपटायचं न्हाई,'' एवढंच त्यांनी सांगितलं. हल्ली ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमाराला ठिकठिकाणी रानभाज्या महोत्सव भरतात आणि शहरातही भारंगी-कर्टुलीचे वाटे दिसतात. चांगलंच आहे. पण मागणी वाढली की खुडणाऱ्याच्या जागी उपटणारा येतो. मी एका बाजारात मुळासकट उपटलेल्या फोडशीच्या जुड्या पाहिल्या आहेत. त्या जुडीत पुढच्या पावसाची फोडशी नव्हती.

भाजीबरोबर खेकडे. पहिल्या जोराच्या पावसात ओढ्याकाठची बिळं पाण्याने भरतात आणि रात्री बॅटरीच्या उजेडात पोरंटोरं खेकडे धरायला जातात. नांग्या आणि पाय पाट्यावर वाटायचे, पाणी घालून फडक्यातून गाळायचं. ते गढुळलेलं पाणी हाच रश्शाचा जीव. मसाला परतून त्यात हे पाणी ओतलं की ते ढवळत राहावं लागतं, नाहीतर फुटून गुठळ्या होतात. वरून भाजलेलं पीठ लावून रस्सा दाट करतात. बाहेर धो धो पाऊस, घरात धूर, आणि सगळं घर वाटीतून भुरके मारतंय. सर्दी-पडशाला डांगाणात हाच पहिला इलाज. दुसरा इलाज हुलग्याचं माडगं. हुलगा भाजून, दळून त्याचं पातळ, गरम पेय करतात. त्याच पिठात लसूण-मिरची घालून वळलेली शेंगोळी थंडीत तिखट रश्शात शिजतात आणि ती शिजेपर्यंत पोरं चुलीपासून हलत नाहीत.

भाताचं मी अजून बोललेच नाही. काळभाताचं तूस काळं असतं, आतला दाणा बारीक, पांढरा आणि इतका वासाचा की शिजताना शेजाऱ्याला कळतं. रायभोग, जिरवेल, आंबेमोहर अशी नावं म्हातारी माणसं अजून घेतात. हे भात उंच वाढतात, वाऱ्याने लोळतात, उतारा कमी देतात. म्हणून खाचरात आता बहुतेक संकरित वाण असतात, आणि काळभात बांधाकडेच्या एखाद्या तुकड्यात, लेकी-जावयासाठी आणि दिवाळीसाठी.

*

घरात धान्य कशाचं शिजतं हे आता दोन ठिकाणी ठरतं. एक डोंगर आणि दुसरं रेशनचं दुकान. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला. त्या कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर लिहिले होते. २०२३ पासून ते धान्य फुकट मिळतं. या कायद्याने भूक कमी केली, त्याबद्दल डोंगरातल्या कुठल्याही बाईच्या मनात शंका नाही, आणि माझ्याही नाही. पण त्या दरांचा क्रम पुन्हा पाहावा. एका कायद्यात नागलीच्या जातीचं धान्य सगळ्यात स्वस्त, म्हणजे सगळ्यात खालचं ठरलं. आणि इथल्या दुकानात प्रत्यक्षात बहुतेक वेळा येतो तो तांदूळ आणि गहू. राब भाजून, रोपांची आवणी करून, एकेक कणीस खुडून मिळणाऱ्या नागलीने फुकटच्या तांदळाशी झुंज द्यायची तरी कशी?

२०१८ साली केंद्र सरकारने भरड धान्यांना ''पौष्टिक तृणधान्य'' असं नाव दिलं. २०२३ हे साल भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा ''श्री अन्न'' हा शब्द सगळीकडे झळकला. नागलीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ४८८६ रुपये ठरला. वरई मात्र हमीभावाच्या यादीतच नाही. म्हणजे त्या उतारावरच्या तीन तुकड्यांपैकी पहिल्याला भाव आहे, तिसऱ्याला भाव आहे, आणि मधल्याचं नावच नाही. ज्यांनी यादी केली त्यांना ही तीन पिकं एकाच जमिनीची तीन वर्षं आहेत हे कुणी सांगितलं नसावं.

पाऊस संपला की वाडीतली तरुण माणसं नारायणगावकडे, नाशिककडे टोमॅटो आणि द्राक्षांच्या कामाला जातात. मजुरी रोख मिळते. नागलीच्या खुडणीची वेळ आणि या मजुरीची वेळ एकमेकांवर येते, तेव्हा घर काय निवडतं हे उघड आहे. उतारावरचे तुकडे मग म्हाताऱ्या माणसांच्या हातात उरतात. मला यात कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. मात्र शहरात नागलीच्या पिठाची पाकिटं वाढत असताना नागली पिकवणाऱ्या घरातली भाकरी गव्हाची होत चालली आहे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. जी चव पिकवणाऱ्याच्या ताटातून गेली ती दुकानात कितीही दिवस राहिली तरी मूळ तुटलेली असते.

मूळ धरून ठेवणारी माणसंही याच तालुक्यात आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आता महाराष्ट्राला माहीत आहे. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी बाईने भात, वाल, नागली, वरई, रानभाज्या यांचं गावरान बी घरोघर हिंडून गोळा केलं, आणि बायफ संस्थेच्या साथीने त्याची बँक उभी केली. २०१८ साली बीबीसीने त्यांना जगातल्या १०० प्रभावी महिलांत निवडलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला त्यांच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी की त्यांच्याकडचं बी कपाटात बंद नसतं. ते दुसऱ्या बाईच्या परसात जातं, तिथे उगवतं, शिजतं, आणि पुन्हा बी होऊन परत येतं. वालाच्या किती तऱ्हा असतात! पांढरा, काळा, ठिपक्यांचा, चपटा, फुगीर, कडू, गोड. प्रत्येकाची आमटी निराळी. आजींच्या घरीही फडताळात राख घातलेली मडकी आहेत. त्यांना कुठला पुरस्कार नाही, पण मडकं उघडताना त्यांचा हात जसा सावकाश जातो तो पाहण्यासारखा आहे.

*

गेल्या काही वर्षांत मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते. सांदण दरीला, हरिश्चंद्रगडाला माणसं येतच असतात. गावातल्या घरांत जेवणाची सोय असते, चार पैसे मिळतात, ते आवश्यकच आहेत. पाहुणे मागतात पिठलं-भाकरी. आता हरभरा हे खालच्या काळ्या रानाचं पीक, बेसन वाण्याकडून येतं, आणि भाकरीला बऱ्याचदा तांदळाचं किंवा बाजरीचं पीठ. गावचं जेवण म्हणून पाहुणे जे चवीने खातात त्यात गावाचं फारसं काही नसतं. पाहुण्यांना काळी भाकरी आवडणार नाही असं यजमानांना वाटतं, आणि ती मिळू शकते हे पाहुण्यांना ठाऊक नसतं. तुम्ही तिकडे गेलात तर एवढं करा : पिठलं राहू द्या, माडगं मागा. नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी मागा. आदल्या दिवशी निरोप द्या, कारण पीठ ताजं दळलेलं लागतं. त्याचे पैसे भाताच्या थाळीपेक्षा जास्त द्या, त्यामागे तेवढे हात आहेत.

मी दुसऱ्यांदा त्या वाडीत गेले ती दिवाळीत. आश्विन वद्य द्वादशी. आपल्याकडे ती वसुबारस, गाय-वासराच्या पूजेची. डोंगरात तोच दिवस वाघबारस. गुरं राखणारी पोरं सकाळपासून घरोघर फिरत होती. एका घरातून तांब्याभर दूध, दुसऱ्यातून ओंजळभर तांदूळ, तिसऱ्यातून गूळ. ज्या घरात आता गाय उरली नाही त्यांनी नारळ दिला. आजींनी मडक्याशेजारच्या डब्यातून काळभात काढून दिला, दोन ओंजळी, मोजून.

वाघोबाचा दगड वाडीवरच्या टेपावर, उंबराखाली आहे. शेंदूर लावलेला, वर वाघाची आकृती कोरलेली. तिथे तीन दगडांची चूल मांडून पोरांनी खीर चढवली. एक म्हातारे गुराखीबाबा ढवळत होते. दूध उतू जाऊ लागलं की पोरं ओरडत, बाबा लाकूड मागे ओढत. दरम्यान एका पोराला वाघ केलं आणि बाकीचे त्याच्या मागे डोंगरभर धावले. वाघाने आपल्या गुरांकडे येऊ नये म्हणून त्याला दूर पिटाळायचं, आणि तो उपाशी राहू नये म्हणून त्याचाच नैवेद्य शिजवायचा. खिरीची पहिली पळी पळसाच्या पानावर दगडापुढे ठेवली गेली. मग पंगत. खिरीला काळभाताचा वास होता आणि धुराचा. माझ्या पानावर बाबांनी न विचारता दुसरी पळी घातली.

उतरताना आजी खुरासणीच्या तुकड्यापाशी थांबल्या. फुलं गळून बोंडं काळी पडत होती, आणखी थोड्या दिवसांनी काढणी. पुढच्या साली इथे काय पेरणार म्हणून मी विचारलं.

''काय न्हाई,'' त्या म्हणाल्या. ''तीन सालं राबला ह्यो. आता निजू दे.''

वरून पोरं गुरं हाकत खाली येत होती. आजींनी वाटेवरचा काटा बाजूला केला आणि गुरांना जायला जागा दिली.